मोकळी सोडलेली जागा : इंदूरमधली दिवाळी

वसुबारस

रात्रीच्या गाडीनं पुण्याहून निघाले आणि सकाळी इंदूरला उतरले. स्टेशनावर दादा आला होता, माझा मावसभाऊ. रिक्षात बसल्या बसल्या त्यानं पिशवीतून गुंडाळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "घरी पोचेपर्यंत बघून घे. माईसमोर उघडू नकोस, ती चिडते."

बिल्डरनं काढून दिलेला नकाशा होता तो. रामबागेतलं मावशीचं, म्हणजे माईचं घर आता झेपेनासं झालंय. वरच्या मजल्याच्या तुळया वाळवीनं पोखरल्यात, जिना हलतो. पाडून नवं बांधायचं एवढं सगळ्यांनी कबूल केलंय, पण कसं बांधायचं यावर घरात दोन महिने वाद चाललाय. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सव्वीस वर्षं नकाशे काढले. म्हणून दादानं फोन केला, "दिवाळीला ये, घर बघ, भाऊबीजही होईल."

नकाशा पाहिला. चूक अशी काही नव्हती. तीन मजले, प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, टीव्ही कुठे ते आखलेलं. देवघरासाठी दोन बाय तीनचा कोनाडा. ओटा नाही. चौक नाही. जिथं रेघ नाही अशी वीतभर जागासुद्धा त्या कागदावर सापडली नाही.

घरी पोचलो तर माई ओट्यावर उभीच होती. माझी वाट बघत असेल असं वाटलं, पण ती कचऱ्याच्या गाडीसाठी थांबली होती. गल्लीच्या टोकाला गाडीचं गाणं ऐकू आलं आणि समोरच्या, शेजारच्या, वरच्या माडीवरच्या बायका आपापले डबे घेऊन खाली आल्या. पिवळी गाडी, तिला कप्पे पाडलेले. माईनं ओला कचरा एका कप्प्यात, सुका दुसऱ्यात, प्लास्टिक तिसऱ्यात स्वतःच्या हातानं टाकलं. एका पुडक्यात जुने सेल आणि फुटका बल्ब होता, तो वेगळा दिला. सगळे मिळून सहा प्रकार. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माईला ते तोंडपाठ आहेत. शेजारच्या नव्या भाडेकरूनं दोन पिशव्या एकत्र बांधून आणल्या, तर गाडीवरच्या पोरानं हसत परत दिल्या, "भिया, अलग करके लाओ."

"अगं, पहिली दोन वर्षं आम्हीही कुरकुरलो," माई म्हणाली. "आता गाडी चुकली तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं."

२०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पंचविसावं होतं. २०१७ मध्ये पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत प्रत्येक वेळी पहिलंच राहिलं, शेवटच्या वेळी सुरतच्या बरोबरीनं. हे आकडे मी वाचले होते. पण त्या आकड्यांचा अर्थ मला या गल्लीत, त्या गाडीच्या कप्प्यांपाशी कळला. कुणीतरी विचार करून गाडीला आडव्या-उभ्या पत्र्यांच्या भिंती घातल्या आणि घरातल्या बाईच्या हाताला एक काम ठेवलं. त्या हातानं ते केलं नाही तर पुढची सगळी यंत्रणा अडते. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायचा कारखाना आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेतो. त्याच्या तोंडाशी जाणारा पहिला घास रामबागेत माई भरवते.

संध्याकाळी वहिनीनं गाय-वासराच्या मातीच्या मूर्तीची पूजा केली. मी टेप काढून घर मोजायला घेतलं. ओटा सव्वाचार फूट रुंद. चौक नऊ बाय अकरा.

धनत्रयोदशी

उद्यापासून सरकारी ऑफिसं बंद, म्हणून आज सकाळीच माणिकबाग, होळकरांचा नव्या काळातला राजवाडा, गाठायची होती. भाची, दादाची मुलगी, बरोबर आली. ती इथं कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकते आणि तिनं माणिकबाग कधी पाहिली नव्हती.

तसं तिथं पाहण्यासारखं फार उरलेलं नाही. राजवाड्यात आता करखात्याच्या आयुक्तांचं कार्यालय आहे. फाटकातून आत डोकावलं, आवारातल्या झाडांमागं ती लांबट, साधी, पांढुरकी इमारत पाहिली, पहारेकऱ्यानं फोटो नको म्हटलं आणि आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर टेकलो. पण त्या इमारतीची गोष्ट सांगताना माझा अर्धा तास गेला.

१९३० ते ३३ या काळात हा राजवाडा उभा राहिला. यशवंतराव होळकर दुसरे तेव्हा विशीतले होते, ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांचा वास्तुकार एकार्ट मुथेसिउस, बर्लिनचा, त्यांच्याहून चारच वर्षांनी मोठा. त्या काळात हिंदुस्थानातले बहुतेक संस्थानिक झुंबरं आणि सोनेरी नक्षीच्या खुर्च्या मागवत होते. या दोघांनी पोलादी नळ्या, काच आणि धातूचे पत्रे वापरून, विसाव्या शतकाला शोभेल असं घर करायचं ठरवलं. दाराच्या मुठी, दिवे, पलंग सगळं आखून, पारखून घेतलेलं. एलिन ग्रे, रूलमान, ल कोर्बुझिए आणि शार्लोत पेरियाँ या युरोपातल्या डिझायनर मंडळींचं फर्निचर, पुईफोरकाची चांदीची भांडी, दा सिल्वा ब्रुन्सचे गालिचे, सगळं जहाजानं इकडं आलं. आज ज्या वस्तू भाचीच्या पुस्तकात चित्र म्हणून आहेत, त्यांतल्या कित्येक इंदुरात वापरात होत्या.

रोमानियन शिल्पकार ब्रांकुशीचे तीन पक्षी महाराजांनी घेतले होते, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या, एक ब्राँझचा. त्यांच्यासाठी बागेत ध्यानमंदिर बांधायचं होतं. १९३७ मध्ये महाराणी संयोगितादेवी गेल्या. त्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला, पण मंदिर झालं नाही. संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आणि घरातलं सामान १९८० मध्ये मोनाकोला लिलावात विकलं गेलं.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, हे सगळं इथंच राहिलं असतं तर इंदूरचं नाव याच्यावरूनच घेतलं असतं ना लोकांनी?"

कदाचित घेतलं असतं. माझं मन मात्र दुसरीकडे अडकलं होतं. इतक्या तन्मयतेनं केलेलं काम मला आयुष्यात एकदाच करायला मिळालं असतं तरी मी धन्य झाले असते, हे मी मनापासून लिहिते. तरीही त्या घरात नंतर येणाऱ्या माणसाला करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. सामान निघून गेलं आणि घराचा प्राणच गेला. पोलादी खुर्च्यांच्या जागी सरकारी टेबलं आली तेव्हा त्या भिंतींना त्या टेबलांशी काय बोलावं ते कळलं नसणार.

दुपारी जेवून थोडं पडले आणि ऊन उतरल्यावर होळकरांच्या जुन्या, गावातल्या राजवाड्याकडं चालत गेले. वाटेत कान्ह नदी आणि तिच्या काठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. कोरीव दगडाचे ते मंडप मला राजवाड्याहून जास्त आवडतात, कारण तिथं माणसं नुसती बसलेली असतात. एक आजोबा नातवाला खांबावरचे हत्ती मोजायला लावत होते. नदीला मात्र अजून नदी म्हणवत नाही. गटारांची तोंडं तिच्यात सुटायची, ती बरीचशी अडवून वळवली आहेत, २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस', म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारं, शहर ठरवलं गेलं. पण पाण्याजवळ गेलं की अजून नाकाला जाणवतं. छत्र्या बांधणाऱ्यांना घाटावर जे पाणी अपेक्षित होतं ते हे नव्हे. या कामाला अजून पुष्कळ वर्षं लागतील असं माझं मत झालं.

राजवाड्याची दर्शनी बाजू सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडाचे, सज्जे आणि झरोके काढलेले. मल्हाररावांनी अठराव्या शतकाच्या मध्याला बांधायला घेतलेला हा वाडा तीनदा जळला, १८०१, १९०८ आणि १९८४. शेवटच्या आगीनंतर मागची बाजू पुन्हा उभी केली. पुढं दुरुस्ती निघाली तेव्हा सिमेंट न वापरता चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ घालून जुन्या रीतीचा गिलावा केला. शेजारच्या गोपाळमंदिरालाही तसाच. मी भिंतीवर हात ठेवला. चुन्याचा गारवा सिमेंटला कधी येत नाही.

इंदूर राजधानी झालं ते १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती, त्यामुळे राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचा पुतळा पाहून नवख्या माणसाचा गोंधळ होतो. पण या गावाला व्यापाऱ्यांचं गाव म्हणून वाढायला वाव मिळाला तो त्यांच्या काळात, आणि आजही इथली माणसं देवी अहिल्येचं नाव घेतल्याशिवाय इंदूरची ओळख सांगत नाहीत.

रात्री सराफ्यात. धनत्रयोदशीमुळे सोन्याची दुकानं उशिरापर्यंत उघडी होती आणि खाण्याच्या गाड्या खोळंबून उभ्या होत्या. शेवटी एकेक शटर खाली आलं आणि त्याच पायरीवर कढई चढली. एकच पायरी, दिवसा सराफाची, रात्री हलवायाची. दुकानाच्या दाराशी माणसं असली की राखणही होते, असं दादा म्हणाला. आम्ही गराडू नावाचा कंद खाल्ला, तळून वर जिरावन मसाला भुरभुरलेला, आणि भुट्ट्याचा कीस. शहराच्या नकाशात या पायरीला एकच रंग द्यायचा झाला तर कुठला देणार? आमच्या ऑफिसात व्यापारी वापर निळा, निवासी पिवळा असायचा. सराफ्याला तासागणिक रंग बदलावा लागेल.

येताना वहिनीनं पाच केरसुण्या घेतल्या. लक्ष्मीपूजनाला लागतात.

नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, फराळ. नऊ वाजता दादाच्या स्कूटरवरून अरण्य या वसाहतीकडं निघालो. याच जागेसाठी मी खरं तर इंदूरला यायला इतकी वर्षं उत्सुक होते.

शहराच्या मध्यापासून सहाएक किलोमीटर उत्तरेला, स्कीम नंबर ७८. रिक्षावाल्याला 'अरण्य' म्हटलं तर कळेलच असं नाही, 'अठ्ठ्याहत्तर' म्हटलं की कळतं. इंदूर विकास प्राधिकरणानं १९८० च्या दशकात ८५ हेक्टर जमिनीवर साधारण साडेसहा हजार भूखंड पाडले, साठ हजार माणसांसाठी. आखणी वास्तुकार बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानची. दोशी मूळचे पुण्याचे, १९२७ मध्ये तिथं जन्मलेले. पुढं २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते, कारण आमच्या सरांनी पहिल्या दिवशी मला अरण्यचाच नकाशा दाखवून म्हटलं होतं, "याच्यात काय काढलेलं नाही ते बघ."

काय काढलेलं नव्हतं? घर. सर्वांत गरीब कुटुंबासाठी ३५ चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोतं, पाणी आणि गटाराला जोडलेलं न्हाणीघर-संडास, फार तर एक खोली. पुढचं तुम्ही बांधा, पैसे येतील तसं. संडास पाठीला पाठ लावून एका ओळीत, म्हणजे नळ आणि गटाराचा खर्च वाटला जातो. भिंतीला भिंत लागलेली दहा-दहा घरं, त्यांच्या मधे गल्ली. मोठ्या रस्त्याकडेचे भूखंड पैसेवाल्यांना बाजारभावानं विकायचे आणि त्या नफ्यातून आतल्यांचा भार हलका करायचा. कसं बांधता येईल ते दिसावं म्हणून दोशींनी नमुन्याची ऐंशी घरं बांधून दाखवली. १९९५ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती आखणीच्या आधीची. वास्तुशिल्पच्या माणसांनी, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मंडळींबरोबर, इंदूरच्या झोपडपट्ट्या टेप घेऊन मोजल्या. ओटा किती रुंद, पानाचं दुकान किती फुटांत मावतं, झाड कुठं लावलंय, त्याच्या सावलीत कोण बसतं, म्हैस कुठं बांधतात. जिला सगळे घाण म्हणून पाडायला निघाले होते, त्या वस्तीत घर करण्याची किती अक्कल भरली आहे ते त्यांनी कागदावर उतरवलं. आणि मग ती अक्कल नव्या नकाशात आणली.

आज काय दिसतं? नमुन्याची घरं शोधायला तासभर फिरलो. जी सापडली ती ओळखण्यापलीकडं बदललेली. कुणी वर दोन मजले चढवलेत, कुणी गॅलरी ग्रिलनं बंद केली, कुणी खाली पिठाची गिरणी घातली. एका घराला गुलाबी टाइल्स, शेजारच्याला हिरव्या. बरेच मूळ भूखंडधारक विकून निघून गेले, असं ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेकांनी सांगितलं. हे दुःख खरं आहे. ज्याच्यासाठी जोतं घातलं त्याला ते विकावं लागलं, तर त्यात नकाशाचा दोष थोडा असेल, पण त्याच्या रोजगाराचा, त्याच्या कर्जाचा दोष मोठा आहे, आणि तो कुठल्याही आर्किटेक्टला रेघ मारून सोडवता येत नाही. पण पुरस्काराच्या कौतुकात ही बाजू गाळली जाते, तशी ती गाळू नये.

एका अरुंद गल्लीत, बाहेरच्या जिन्याच्या पायरीवर एक बाई बसल्या होत्या. रांगोळीचे रंग वाट्यांत काढून ठेवलेले. त्यांचं माहेर बऱ्हाणपूरचं, त्यामुळे मराठी येत होतं. त्यांचे सासरे इथं आले तेव्हा जोतं आणि मोरीच होती. "पत्र्याखाली चार वर्षं काढली आम्ही. मग एक खोली. नंतर माझ्या सोन्याच्या पाटल्या मोडून वरची. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा हा जिना बाहेरून काढला." त्यांनी जिन्यावर तळहात आपटला. "आतून काढला असता तर रोजची कटकट झाली असती. बाहेर काढला, दोन चुली झाल्या, सगळे अजून एकत्र आहोत."

मी आत मोरी बघू का म्हणून विचारलं. त्यांना नवल वाटलं, पण नेलं. फरशी नवी, नळ नवे, दार नवं. जागा तीच. नकाशातली ती चौकट मी सव्वीस वर्षांपूर्वी पाहिली होती. तिच्याभोवती एका कुटुंबाची चाळीस वर्षं, पाटल्या, लग्नं, जिना असं सगळं वाढलं होतं आणि ती तिथंच होती. मला भरून आलं. बाईंनी चकली पुढं केली.

लक्ष्मीपूजन

दिवसभर घरातच. रांगोळी, पणत्या, लाह्या-बत्ताशे. संध्याकाळी पाटावर नवी केरसुणी ठेवून हळदकुंकू वाहिलं तेव्हा मी माईला पॅट्रिक गेडिसची गोष्ट सांगितली. तिनं या गावात पंचावन्न दिवाळ्या काढल्या, पण ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

गेडिस स्कॉटलंडचा, शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये नगररचनेचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आला आणि गावोगावच्या नगररचनेवर अहवाल लिहीत राहिला. तिसऱ्या तुकोजीरावांनी त्याला इंदूरला बोलावलं. तेव्हा सुधारणा म्हणजे जुनी वस्ती चिरून सरळ रुंद रस्ता काढायचा, अशी इंजिनिअरांची रीत होती. गेडिस गल्ल्यांमधून पायी हिंडायचा. एखादी पडकी भिंत काढा, एक कोपरा मोकळा करा, तिथं झाड लावा, विहीर साफ करा, बाकी हात लावू नका. आधी निदान, मग कमीत कमी कापाकापी. नदीकाठ बागांसाठी राखा, मैला गटारानं दूर नेऊन फेकण्यापेक्षा मातीत मुरवून बाग पिकवा, असं त्यानं मांडलं. दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला.

गावात प्लेग होता. नकाशे घेऊन हिंडणारा हा दाढीवाला म्हातारा साहेबच प्लेग आणतो, अशी लोकांत समजूत पसरलेली. तशातच दिवाळी आली. गेडिसनं महाराजांकडं एक दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि मिरवणूक काढायचं ठरवलं. दवंडी पिटवली की मिरवणूक ठरलेल्या वाटेनं जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांनी घरं-अंगणं सगळ्यांत चांगली झाडली, दुरुस्त केली, झाडं लावली, त्यांच्या रस्त्यांनी जाईल.

गाव झाडायला लागलं. गाड्या भरभरून केरकचरा बाहेर निघाला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत आधी धान्य, बैल, हत्ती, घोडे. मग घाणीचा राक्षस, रावणासारखा, आणि त्याच्यामागं प्लेगचा अवाढव्य उंदीर. त्यानंतर गावाचे सफाई कामगार, पांढरे कपडे, नवे फेटे, झाडूंना फुलांच्या माळा, रंगवलेल्या गाड्या. त्यांच्यामागून लक्ष्मी आणि एक नवी देवी, जिचं नाव इंदूर नगरी. पुढं होणाऱ्या वाचनालय-संग्रहालयांचे नमुने, कारागिरांचे ताफे, आणि शेवटच्या गाड्यांतून घरोघर वाटायला तुळशीची रोपं. संध्याकाळी राक्षस आणि उंदीर जाळले.

माई बराच वेळ केरसुणीकडं बघत राहिली. "म्हणजे आम्ही जी घरात पुजतो ती त्यानं रस्त्यावर पुजली," ती म्हणाली.

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. परक्या देशातून आलेल्या माणसानं इथल्या सणाचं वळण बरोबर ओळखलं आणि नगररचना त्यात ओवली. इंदूरला मिरवणुकीची हौस आहेच. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, रात्रभर. गिरण्या बंद पडून तीस-तीस वर्षं झाली, कामगारांची देणी वर्षानुवर्षं लटकून राहिली, तरी झांक्या निघतात. ज्या गावात गिरणीच्या फाटकाला कुलूप लागल्यावरही तिची झांकी जिवंत राहते, तिथं सफाईची मोहीम गाण्याच्या चालीवर चालावी यात मला नवल वाटत नाही.

पाडवा

पहाटे साडेपाचला भाचीला उठवून राजवाड्याकडं गेले. रात्री एकपर्यंत फटाके चालू होते, रस्त्यावर लाल कागदाचा खच असणार असं धरून चालले होते. खच होता, पण ढिगांत. तिशी-चाळिशीतल्या बायका, पिवळसर जाकिटं, रात्रीपासून झाडत होत्या. एकीला विचारलं, घरचं लक्ष्मीपूजन? "सात वाजता केलं, दहाला निघालो." तिच्या हातातला खराटा बांबूचा, लांब. त्याला माळ नव्हती. भाचीनं पिशवीतून फराळाचा डबा काढला, माईनं दिलेला. त्यांनी चौघींत वाटून घेतला, उभ्या उभ्या खाल्ला आणि पुन्हा कामाला लागल्या. सूर्य वर येईपर्यंत राजवाड्यासमोरचं दगडी आवार काल काही घडलंच नाही असं दिसत होतं.

बक्षीस शहराला मिळतं, हार महापालिकेला पडतात. या बायकांचा पगार, त्यांचे हातमोजे, त्यांच्या पाठीचं दुखणं हेही शहराच्या आराखड्यात मोजलं जावं असं मला फार वाटतं. गेडिसनं त्यांना मिरवणुकीच्या मध्यभागी चालवलं होतं.

भाऊबीज

सकाळी दादाला ओवाळलं. दुपारी तो मला नदीकाठच्या एका वस्तीत घेऊन गेला, तिथं त्याच्या ओळखीचे मास्तर राहतात. १९८९ पासून पुढची काही वर्षं हिमांशु पारीख या अभियंत्याच्या कल्पनेनं इंदूरच्या १८३ झोपडपट्ट्यांत, सुमारे साडेचार लाख माणसांच्या वस्तीत, रस्ते, नळ आणि गटारं एकमेकांना जोडून घातली गेली. त्याचं निरीक्षण साधं होतं. झोपड्या ओढ्या-नाल्यांच्या काठानं वाढतात आणि पाण्याचा उतारही त्याच वाटेनं जातो. म्हणजे वस्त्यांमधून गटार नेलं तर साऱ्या शहराचीच वाहिनी होते. गल्ल्या जोत्यांपेक्षा खाली घेतल्या की पावसाचं पाणी रस्त्यानंच वाहून जातं, घरात शिरत नाही. १९९८ मध्ये या कामालाही आगाखान पुरस्कार मिळाला. नंतरच्या पाहण्यांत कित्येक ठिकाणी जोडण्याच झाल्या नाहीत, चेंबर तुंबले, असं आढळलं. मास्तरांच्या गल्लीत उतार अजून काम करतो. त्यांनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी उंबऱ्याला न शिवता गल्लीच्या मधोमध गेलं आणि जाळीत उतरलं. पण जाळी स्वतःच्या हातानं ते दर रविवारी साफ करतात, हेही सांगितलं.

रात्री माझी गाडी होती. त्याआधी दोन तास मी चौकात पाट मांडून बसले आणि बिल्डरच्या कागदाच्या पाठीवर घराचा नकाशा पेन्सिलीनं काढला. पाया आणि कॉलम तीन मजल्यांचे, बांधायचे आत्ता दोनच. न्हाणीघरं पाठीला पाठ लावून. दादाच्या कुटुंबासाठी जिना बाहेरून. ओटा सव्वाचार फूट, आहे तेवढाच. आणि मधे नऊ बाय अकराचा चौक, त्यात एकही रेघ नाही.

सगळे वाकून बघत होते. दादा म्हणाला, वर कधीतरी भाचीचा स्टुडिओ होईल. वहिनी म्हणाली, मोरीला खिडकी मोठी हवी. ती मी तिथल्या तिथं मोठी केली. माईनं चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत चौकापर्यंत आणलं.

"इथं काहीच नाही काढलंस?"

"तिथं तू सांग."

तिनं पेन्सिल मागितली. हात थरथरत होता. चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात एक लहानसा चौकोन काढला, त्यावर दोन पानं काढली, आणि जरा विचार करून बाजूला एक खुर्ची.